थोरल्याची चार, धाकट्याचं एक: लिनक्सवर सीपीयूची गटवार वाटणी करून पाहा

चार कोअरचा एक सर्व्हर दोघं जण वापरतात. एकाने मोठा प्रोजेक्ट कंपाइल करायला ३२ प्रोसेस एकदम सोडल्या. दुसऱ्याची एकच पायथन स्क्रिप्ट चालू आहे. कर्नेलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, शेड्यूलर (सीपीयूवर कुणाची पाळी ते ठरवणारा भाग) प्रामाणिकपणे प्रत्येक टास्कला, इथे प्रत्येक प्रोसेसला, सारखा वेळ देतोय. आता हिशेब करा: टास्क ३३, कोअर ४. स्क्रिप्टच्या वाट्याला एका कोअरचा जेमतेम १२ टक्के वेळ येतो. यात कुणी लबाडी केलेली नाही आणि कर्नेलमध्ये बगही नाही. शेड्यूलरने टास्क मोजले, टास्कचे मालक मोजले नाहीत, एवढंच.

घरच्या जमिनीची वाटणी आपण अशी करत नाही. थोरल्याला चार मुलं आणि धाकट्याला एक असेल, तरी आजोबांच्या शेताचे सरसकट पाच तुकडे पडत नाहीत. आधी दोघा भावांत निम्मं-निम्मं होतं, मग थोरल्याच्या निम्म्यात चार वाटे पडतात. गटवार शेड्युलिंग हेच करतं. आधी गटांत वाटणी, मग गटाच्या आत टास्कांत.

प्रश्न जुना आहे. सिडनी विद्यापीठात एकाच मशीनवर विद्यार्थ्यांची झुंबड उडायची, तेव्हा ज्युडी के आणि पीअर्स लॉडर यांनी युनिक्ससाठी वापरकर्त्यांमध्ये न्याय्य वाटणी करणारा शेड्यूलर लिहिला. त्यावरचा त्यांचा लेख १९८८ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. लिनक्समध्ये ऑक्टोबर २००७ च्या २.६.२३ आवृत्तीत इंगो मोलनार यांचा सीएफएस शेड्यूलर आला, आणि पाठोपाठ जानेवारी २००८ च्या २.६.२४ मध्ये त्याला गट कळू लागले. त्या गटांच्या कामात श्रीवत्स वड्डगिरी यांचा मोठा हात होता. ऑक्टोबर २०२३ च्या ६.६ आवृत्तीपासून सीएफएसची निवड करण्याची पद्धत बदलून ईईव्हीडीएफ आली. गटांचा कारभार मात्र तसाच राहिला, त्यामुळे खालचे सगळे प्रयोग दोन्हींवर चालतात.

सुरू करण्याआधी तीन सूचना. एक, सराव व्हर्च्युअल मशीनवर करा. कामाच्या सर्व्हरवर नको. दोन, आज्ञा, फाइलींची नावं आणि आकडे इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत टाइप करायचे. जिथे कॅपिटल लागतं तिथे तसं सांगितलं आहे. तीन, टक्केवारी बघताना घाई करू नका. बदल केल्यावर आकडे स्थिर व्हायला काही सेकंद जातात.

पायरी १: मशीन कुठल्या पिढीचं आहे?

आधी कोअर मोजा आणि कर्नेलची आवृत्ती बघा:

एनप्रॉक
यूनेम -आर

मग ही फाइल वाचा:

कॅट /सिस/एफएस/सीग्रुप/सीग्रुप.कंट्रोलर्स

फाइल सापडली आणि तिच्यात ‘सीपीयू’ हा शब्द दिसला, तर तुमच्याकडे सीग्रुपची (प्रोसेसचे गट करण्याची कर्नेलची सोय) दुसरी आवृत्ती आहे आणि पुढचं सगळं लागू पडतं. फाइलच नसेल तर मशीन जुन्या, पहिल्या आवृत्तीवर चालतंय. दुसरी आवृत्ती २०१६ च्या ४.५ कर्नेलमध्ये अधिकृत झाली, पण सीपीयूचा कंट्रोलर (गटांत सीपीयू वाटणारा भाग) तिच्यात यायला जानेवारी २०१८ ची ४.१५ उजाडावी लागली. फेडोरा ३१, डेबियन ११, उबुंटू २१.१० आणि रेड हॅटची ९ यांच्यापासून पुढे ती आपोआपच मिळते. नेटवर अजून पहिल्या आवृत्तीचे धडे भरपूर आहेत. त्यांत ‘सीपीयू.शेअर्स’ नावाची फाइल दिसली आणि मूळ आकडा १०२४ दिसला की समजा, ते जुनं आहे. नव्यात फाइल ‘सीपीयू.वेट’ आणि मूळ आकडा १००.

पायरी २: गट नसताना काय होतं ते बघा

रूट शेल उघडा:

सूडो -आय

आता पाच टास्क एकाच कोअरवर बांधून सोडायचे. एका कोअरवर का, ते पायरी ५ मध्ये कळेल. ही ओळ पाच वेळा चालवा:

टास्कसेट -सी ० एमडी५सम /डेव्ह/झीरो &

‘डेव्ह/झीरो’ कधी संपत नाही, त्यामुळे एमडी५सम बिचारा अखंड हिशेब करत बसतो आणि स्क्रीनवर काही छापत नाही. बऱ्याच धड्यांत यासाठी ‘येस’ ही आज्ञा वापरतात. ती इथे मुद्दाम टाळली आहे: पुढे कधी तीच सिस्टीमडीमार्फत (लिनक्सवर सर्व्हिसेस चालवणारी यंत्रणा) चालवलीत आणि आउटपुट बंद करायला विसरलात, तर जर्नलच्या लॉगमध्ये ‘वाय’ अक्षराचा पूर येतो.

दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘टॉप’ लावा. पाचही टास्क प्रत्येकी २० टक्क्यांच्या आसपास दिसतील. यातले चार थोरल्याचे आणि एक धाकट्याचा असं मनात धरा. थोरला ८० टक्के घेऊन बसलाय.

पायरी ३: दोन गट करा

गट म्हणजे सीग्रुपच्या फाइल सिस्टीममधली साधी डिरेक्टरी. डिरेक्टरी केली की कर्नेल तिच्यात लागणाऱ्या फाइली आपणहून मांडतो.

सीडी /सिस/एफएस/सीग्रुप
एको +सीपीयू > सीग्रुप.सबट्री_कंट्रोल
एमकेडीआयआर थोरला धाकटा

मधली ओळ महत्त्वाची. तिचा अर्थ, ‘माझ्या मुलांमध्ये सीपीयूची वाटणी चालू कर.’ ती न देता गट केले आणि वाटणी आधीपासून चालू नसेल, तर गटांत ‘सीपीयू.वेट’ ही फाइलच दिसत नाही. नवखे इथे हमखास अडखळतात. (डिरेक्टरीची नावं खरोखर देवनागरीत दिली तरी कर्नेलची हरकत नसते. टर्मिनलचा फॉन्ट तेवढा साथ देईल असं बघा.)

ज्या शेलमधून टास्क सोडले तिथे ‘जॉब्स -पी’ म्हणा, पाच पीआयडी (प्रोसेसचे क्रमांक) मिळतील. पहिले चार थोरल्यात, शेवटचा धाकट्यात टाका. एका वेळी एकच पीआयडी लिहिता येतो, म्हणून पाच वेगळ्या ओळी लागतील:

एको पीआयडी > थोरला/सीग्रुप.प्रॉक्स

पीआयडीच्या जागी अर्थातच खरा आकडा. धाकट्यासाठीही तसंच.

टॉपकडे बघा. धाकट्याचा एकटा टास्क ५० टक्क्यांवर गेला असेल आणि थोरल्याचे चार प्रत्येकी साडेबाराच्या आसपास उतरले असतील. कुठल्याही टास्कला हात न लावता वाटणी बदलली.

कर्नेलच्या आत हे कसं घडतं, ते थोडक्यात. प्रत्येक टास्कचं एक आभासी घड्याळ असतं. टास्क जितका वेळ सीपीयूवर बसतो तितकं ते पुढे सरकतं. वजन (कुणाला किती वाटा, त्याचं प्रमाण) जास्त असेल तर हळू, कमी असेल तर भराभर. सीएफएसमध्ये ज्याचं घड्याळ सगळ्यात मागे त्याची पाळी येते. ईईव्हीडीएफमध्ये आधी कुणाचा वाटा देणं बाकी आहे ते बघतात आणि त्यांच्यातून ज्याची मुदत सर्वांत आधी संपते त्याला घेतात. गटांचं वैशिष्ट्य असं की रांगेत टास्कच्या शेजारी अख्खा गटही एका टास्कसारखा उभा राहतो. त्याला स्वतःचं घड्याळ आणि स्वतःचं वजन असतं. पाळी गटाची आली की शेड्यूलर गटाच्या आतल्या रांगेत जातो आणि तिथे पुन्हा तेच करतो. आत आणखी गट असला तर आणखी खाली. म्हणूनच थोरल्याने चारच्या जागी चारशे टास्क सोडले तरी धाकट्याचा निम्मा वाटा हलत नाही.

पायरी ४: वजन बदला, आणि मग नाइसची गंमत बघा

एको ३०० > धाकटा/सीपीयू.वेट

वजन १ पासून १०,००० पर्यंत काहीही चालतं. आता थोरल्याचं १०० आणि धाकट्याचं ३००, म्हणजे १ ला ३. टॉपमध्ये धाकटा ७५ टक्क्यांवर, थोरल्याचे चार प्रत्येकी सव्वासहाच्या आसपास. वजन हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. शेजारच्या गटांची वजनं कळल्याशिवाय ‘३०० म्हणजे किती?’ याला उत्तर नाही. उद्या कुणी १०० वजनाचा तिसरा गट शेजारी उभा केला आणि त्याच कोअरवर कामाला लावला, तर धाकटा ७५ वरून ६० वर येईल.

आता थोरल्याच्या एका टास्कची प्राथमिकता तळाला न्या (ती ‘नाइस’ या आकड्याने मोजतात; आकडा मोठा तितकी प्राथमिकता कमी, १९ म्हणजे तळ):

रिनाइस -एन १९ -पी पीआयडी

तो टास्क जवळपास शून्यावर येतो आणि थोरल्याचे बाकीचे तीन सव्वासहावरून सव्वाआठच्या आसपास चढतात. धाकटा मात्र ७५ वरच. नाइस ० चं वजन १०२४ आणि नाइस १९ चं फक्त १५, पण ही वजनं घराच्या आतल्या वाटणीपुरती. वाचलेला वेळ भावंडांनाच मिळाला, शेजारी गेला नाही.

मग हाच प्रयोग धाकट्याच्या एकमेव टास्कवर करा. नाइस १९ द्या. काही म्हणजे काही बदलत नाही! गटात तो एकटाच आहे, तेव्हा गटाचा सगळा वाटा त्याचाच. ‘नाइस १९ देऊनही माझी बॅच जॉब मशीन अडवतेय’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. जॉब स्वतःच्या वेगळ्या गटात एकटी बसलेली असते आणि नाइस ऐकणारं तिथे कुणी नसतं. अशा वेळी गटाचं वजन उतरवायचं.

डेस्कटॉपवर याचा एक जुना भाऊबंद आहे, ऑटोग्रुप. मार्च २०११ च्या २.६.३८ मध्ये माइक गॅलब्रेथ यांनी आणलेल्या या छोट्या बदलामुळे प्रत्येक टर्मिनल सेशनचा आपोआप एक गट होऊ लागला. एका टर्मिनलमध्ये कर्नेल कंपाइल होत असताना दुसरीकडे व्हिडिओ अडकायचा थांबला, म्हणून त्याचं तेव्हा बरंच कौतुक झालं. पण सीपीयू कंट्रोलर चालू असलेल्या सीग्रुपमधल्या टास्कांना ऑटोग्रुप लागू होत नाही. आजच्या सिस्टीमडीवाल्या मशीनवर त्याचा शोध घेत बसण्यात फारसा अर्थ नाही.

पायरी ५: बांधलेला कोअर सोडा

इथे बहुतेकांचा विश्वास डळमळतो. टास्क मारा:

पीकिल एमडी५सम

दोन टर्मिनल उघडा, दोन्हींत रूट व्हा आणि सीग्रुपच्या डिरेक्टरीत जा. पहिल्यात हे लिहा, दुसऱ्यात थोरलाच्या जागी धाकटा:

एको $$ > थोरला/सीग्रुप.प्रॉक्स

दोन डॉलरची चिन्हं म्हणजे त्या शेलचाच पीआयडी. शेल गटात गेला की त्याच्या पोटी जन्मणारी प्रत्येक प्रोसेस त्याच गटात जन्मते. पीआयडी एकेक करून हलवण्यापेक्षा हे सोपं, आणि सर्व्हरवर खरं काम असंच चालतं.

आता टास्कसेट न लावता थोरल्यात चार आणि धाकट्यात एक एमडी५सम सोडा. मशीन आठ कोअरचं असेल तर पाचही टास्क १०० टक्क्यांवर धावताना दिसतील. धाकट्याचं वजन ३०० असो की १, फरक शून्य. काही बिघडलेलं नाही. वजन फक्त टंचाईत बोलतं. कोअर रिकामे पडलेले असताना कुणाला अडवण्याचं कारणच नसतं. ‘वजन दिलं पण चालत नाही’ असं म्हणण्याआधी मशीन खरंच भरलेलं आहे का, ते बघा.

मशीन भरा. दोन्ही गटांचं वजन पुन्हा १०० करा. चार कोअरवर थोरल्यात ३२ आणि धाकट्यात एक, म्हणजे सुरुवातीचंच उदाहरण. धाकट्याला निम्मं मशीन, म्हणजे दोन कोअर मिळायला हवेत. पण एक टास्क एका वेळी एकाच कोअरवर बसू शकतो, तेव्हा त्याची कमाल १०० टक्के. तेवढे तरी मिळतात का? वाटणी प्रत्येक कोअरच्या रांगेत वेगळी होते. थोरल्याचं १०० वजन त्याच्या टास्कांबरोबर चार कोअरवर पसरतं, म्हणजे प्रत्येक ठिकाणी सुमारे २५. धाकट्याचं सगळं १०० वजन एकाच कोअरवर. त्या कोअरवर १०० विरुद्ध २५, म्हणजे कागदावर ८० टक्के. लोड बॅलन्सर थोरल्याचे टास्क त्या कोअरवरून हटवत राहतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा हलतो. १२ टक्क्यांवरून इथवर आलो, हे काही थोडं नाही. पण गुणोत्तर दशांशापर्यंत जुळेल अशी अपेक्षा अनेक कोअरवर ठेवू नका.

आणखी एक. वाटला जातो तो वेळ, काम नव्हे. शेजारच्या गटाने कॅशे धुऊन काढली, मेमरीचा रस्ता अडवला किंवा त्याच कोअरच्या जुळ्या हायपरथ्रेडवर तो धावत असला, तर निम्म्या वेळात निम्मं काम होईलच असं नाही. शेड्यूलरचा हिशेब बरोबर असतो आणि वापरकर्त्याची तक्रारही.

पायरी ६: गटात गट

थोरल्याच्या आत दोन उपगट करता येतात. पण आधी थोरल्यातल्या सगळ्या प्रोसेस (तुमच्या शेलसकट) बाहेर काढा. दुसऱ्या आवृत्तीचा नियम असा की टास्क झाडाच्या पानांत ठेवायचे, फांद्यांत नाही. जुन्या आवृत्तीत दोन्ही चालायचं, आणि मग गटातला मोकळा टास्क शेजारच्या उपगटाशी कुठल्या हिशेबाने भांडतो हे कुणालाच धड सांगता येत नसे. नियम मोडायला गेलात तर याच पायरीत किंवा पुढच्या एखाद्या ओळीला कर्नेल एरर देऊन अडवतो.

एको +सीपीयू > थोरला/सीग्रुप.सबट्री_कंट्रोल
एमकेडीआयआर थोरला/पहिला थोरला/दुसरा

मशीन भरलेलं असताना उपगटाचा वाटा काढायला गुणाकार करायचा. थोरल्याला निम्मं आणि त्यात पहिल्याचं वजन दुसऱ्याच्या तिप्पट, तर पहिल्याला एकूण साडेसदतीस टक्के. थोरल्याच्या दुसऱ्या गटात काही चालू नसेल, तर त्याचा वाटा आधी पहिल्याला जातो, धाकट्याकडे नाही.

पायरी ७: मर्यादा, म्हणजे कोटा

वजनापलीकडचं दुसरं हत्यार म्हणजे ‘सीपीयू.मॅक्स’. वजन टंचाईत बोलतं, कोटा नेहमीच बोलतो. कोअर रिकामे असले तरीही.

एको "५०००० १०००००" > धाकटा/सीपीयू.मॅक्स

दोन्ही आकडे मायक्रोसेकंदांत. दर १०० मिलिसेकंदांमागे ५० मिलिसेकंद सीपीयू, म्हणजे अर्धा कोअर. मूळ अवस्थेत पहिल्या आकड्याऐवजी ‘मॅक्स’ असतं, म्हणजे अमर्याद. हे साधन जानेवारी २०१२ च्या ३.२ कर्नेलपासून आहे. पॉल टर्नर, भरत राव आणि निखिल राव यांनी त्यावर काम केलं.

दिसायला सोपं आहे, पण कोट्याइतका मनस्ताप दुसरं काही देत नाही. कारण हे गणित. समजा गटाला १००००० पैकी १००००० दिले, म्हणजे एक पूर्ण कोअर. त्यात आठ थ्रेडचा (एकाच वेळी चालणाऱ्या आठ टास्कांचा) प्रोग्रॅम आठ कोअरवर एकदम धावला, तर १०० मिलिसेकंदांचा कोटा साडेबारा मिलिसेकंदांत खलास. उरलेले साडेसत्त्याऐंशी मिलिसेकंद आठही थ्रेड गप्प. सरासरी वापर बघाल तर शांत, आलेख सपाट. पण वेबच्या काही रिक्वेस्ट मध्येच जवळपास एक दशांश सेकंद थिजलेल्या. ६४ कोअरच्या मशीनवर दोन कोअरचा कोटा आणि ६४ थ्रेड असतील तर हाच कोटा सव्वातीन मिलिसेकंदांच्या आत उडतो. प्रोग्रॅम मशीनचे कोअर मोजून तेवढे थ्रेड उघडतात, त्यातून हे होतं. जावा १० पासून जावा आणि १.२५ पासून गो स्वतःहून कोटा बघतात. बाकी बऱ्याच ठिकाणी थ्रेडची संख्या हाताने ठरवावी लागते.

तपासायची जागा ही:

कॅट धाकटा/सीपीयू.स्टॅट

‘एनआर_पीरियड्स’ म्हणजे किती कालखंड झाले, ‘एनआर_थ्रॉटल्ड’ म्हणजे त्यातल्या किती कालखंडांत गटाला थांबवलं. दुसरा आकडा पहिल्याच्या मागोमाग वाढत असेल तर मंदपणाचं कारण सापडलं.

कंटेनर वापरणाऱ्यांनी हे आत्ताच जोडून घ्यावं: कुबरनेटीसमधली सीपीयू रिक्वेस्ट शेवटी वजन होते आणि सीपीयू लिमिट होतो कोटा. डॉकरमध्ये ‘--सीपीयू-शेअर्स’ म्हणजे वजन, ‘--सीपीयूज’ म्हणजे कोटा. माझं मत स्पष्ट आहे. न्याय्य वाटणी हवी असेल तर वजन पुरतं. कोटा तेव्हाच लावा, जेव्हा गिऱ्हाइकाला मोजून सीपीयू विकायचा आहे, किंवा आज रिकाम्या मशीनवर मिळणाऱ्या वेगाची सवय लागून उद्या ओरड होऊ नये असं वाटतं. ‘सुरक्षित राहावं म्हणून’ सगळीकडे कोटा लावणारे मोकळे कोअर वाया घालवतात आणि वर मंदपणा ओढवून घेतात.

पायरी ८: आवरा, आणि सिस्टीमडीकडे सोपवा

प्रयोगाचे गट काढायला आधी त्यातले टास्क मारा आणि शेल बंद करा. ५.१४ पासूनच्या कर्नेलवर गटाच्या ‘सीग्रुप.किल’ या फाइलीत १ लिहिला की आतलं सगळं जातं. मग ‘आरएमडीआयआर’ने आतल्यापासून बाहेर एकेक डिरेक्टरी काढा. ‘आरएम -आरएफ’ इथे चालत नाही. आतल्या फाइली तुमच्या नाहीत, कर्नेलच्या आहेत.

रोजच्या सर्व्हरवर हे हाताने करू नका. झाडाची मालकी तिथे सिस्टीमडीकडे असते आणि एका झाडाला दोन माळी नकोत. त्याची रचना बघा:

सिस्टीमडी-सीजीएलएस
सिस्टीमडी-सीजीटॉप

सिस्टीमडी अशा गटांना स्लाइस म्हणतो. वरच्या पातळीवर ‘सिस्टीम.स्लाइस’ (सर्व्हिसेस) आणि ‘युजर.स्लाइस’ (लॉगिन केलेली माणसं) दिसतील. व्हर्च्युअल मशीन किंवा कंटेनर असतील तर ‘मशीन.स्लाइस’ही. युजर.स्लाइसच्या आत प्रत्येक वापरकर्त्याची वेगळी स्लाइस असते. म्हणजे ३२ प्रोसेसवाला आणि एका स्क्रिप्टवाला, दोघांचे गट तयारच आहेत. फक्त सिस्टीमडी सीपीयू कंट्रोलर गरज पडेल त्याच पातळीवर चालू करतो, तेव्हा खात्री करून घ्या:

कॅट /सिस/एफएस/सीग्रुप/युजर.स्लाइस/सीग्रुप.सबट्री_कंट्रोल

यात ‘सीपीयू’ नसेल तर वापरकर्त्यांमध्ये गटवार वाटणी होत नाहीये. त्यातल्या एका वापरकर्त्याच्या स्लाइसला स्पष्ट वजन दिलं की ती चालू होते:

सूडो सिस्टीमसीटीएल सेट-प्रॉपर्टी युजर-१०००.स्लाइस सीपीयूवेट=१००

‘सीपीयूवेट’ लिहिताना सीपीयूची तिन्ही अक्षरं आणि वेटचं पहिलं अक्षर कॅपिटल, मध्ये जागा नाही. १००० च्या जागी त्या वापरकर्त्याचा आयडी. रात्रीचा बॅकअप डेटाबेसच्या पायात येत असेल तर बॅकअपच्या सर्व्हिसला याच आज्ञेने २० वजन द्या. मग झटापट झाली तर डेटाबेसला पाच वाटे आणि बॅकअपला एक. डेटाबेस झोपलेला असेल तर बॅकअप पूर्ण मशीन वापरून लवकर आटोपतो. कोटा लावला असता तर हे मिळालं नसतं. एकदाच चालवायच्या जड कामासाठी गट आयता मिळतो:

सूडो सिस्टीमडी-रन --स्कोप -पी सीपीयूवेट=२० मेक -जे८

कोटा हवाच असेल तर गुणधर्माचं नाव ‘सीपीयूकोटा’, लिहिण्याची पद्धत तीच. त्यातली टक्केवारी एका कोअरची असते, पूर्ण मशीनची नव्हे. २०० टक्के म्हणजे दोन कोअर.

रिअलटाइम प्राथमिकतेचे टास्क या सगळ्याच्या बाहेर आहेत. ते वजनाला जुमानत नाहीत. मशीनवर असा टास्क बेफाम सुटला असेल तर गटांची वजनं बदलत बसू नका, आधी तो शोधा.

वाटणी जमली की नाही हे वापराच्या टक्केवारीवरून कळत नाही. १०० टक्के वापर म्हणजे मशीन कामात आहे, एवढंच. कोण ताटकळतंय ते गटाच्या ‘सीपीयू.प्रेशर’ या फाइलीत असतं. डिसेंबर २०१८ च्या ४.२० कर्नेलपासून ही सोय आहे, काही वितरणांत ती बूट करताना चालू करावी लागते. ‘सम’ने (‘काही’ अर्थाचा इंग्रजी शब्द, बेरजेचा नव्हे) सुरू होणाऱ्या ओळीतला ‘एव्हीजी१०’ सांगतो की गेल्या दहा सेकंदांत किती टक्के वेळ गटातला एखादा तरी टास्क सीपीयूची वाट बघत होता. डेटाबेसच्या सर्व्हिसचा हा आकडा बॅकअप चालू असताना आणि नसताना टिपून ठेवा, मग वजन बदला, पुन्हा टिपा. फरक पडला नाही तर अडचण सीपीयूची नाही, डिस्ककडे बघा आणि वजन मूळ जागी आणा:

सूडो सिस्टीमसीटीएल रिव्हर्ट बॅकअप.सर्व्हिस

सेट-प्रॉपर्टीने केलेले बदल या आज्ञेने निघून जातात. पण त्या सर्व्हिसवर ‘सिस्टीमसीटीएल एडिट’ने आधी काही लिहून ठेवलं असेल तर तेही जातं, म्हणून एंटर मारण्यापूर्वी ‘सिस्टीमसीटीएल कॅट’ने एकदा बघून घ्या.